मॅडमचा मुलगा : एकटी आई, वयात येणारा मुलगा आणि आपला परिवार

॥ श्री सद्गुरू प्रसन्न ॥



हा आठवड्याचा कौटुंबिक अभ्यास-पाठ आहे. नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी प्रश्न दिले आहेत, त्यावर घरात बोलणं करावं. घरात तेरा ते अठरा वर्षांचं पोरगं असेल तर त्यालाही बसू द्यावं. मात्र "हे बघ, तुझ्यासाठीच आलंय" असं त्याला म्हणू नये. हा पाठ मोठ्यांसाठी आहे.

*१. हा विषय का घेतला*

आपल्या परिवारात एकट्याने घर चालवणाऱ्या कितीतरी ताई आहेत. कोणाचे यजमान वारले, कोणी वेगळी झाली, कोणाचा नवरा कामाला म्हणून बाहेर गेला तो मनाने परत आलाच नाही. त्यातल्या काही ताई शिक्षिका आहेत. कोणी सरकारी शाळेत, कोणी अतिथी शिक्षिका म्हणून, कोणी खासगी शाळेत थोड्या पगारावर, कोणी घरीच ट्यूशन घेतात. गाव त्यांना "मॅडम" म्हणतं. मान आहे. पण घराचं दार लावल्यावर आत काय चालतं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

अशा ताई बोलायला बसल्या की शब्द वेगळे, पण गोष्ट एकच निघते. शाळेत चाळीस पोरं ऐकतात, घरातलं एक ऐकत नाही. काल-परवापर्यंत पदराला धरून चालणारा मुलगा आता उत्तर देत नाही. खोलीचं दार ओढून घेतो. मोबाईल उलटा ठेवतो. शाळेतून "सगळं ठीक" म्हणून येतो आणि दुसऱ्याकडून कळतं की आठ दिवस गेलाच नव्हता. आवाज चढतो, मग रडणं, मग दोघंही न जेवता झोपतात.

हा त्रास नुसता त्या दोघांचा नाही. आपण सगळे त्यांच्या अवतीभवती आहोत. कधी आपल्या मदतीने तो कमी होतो, कधी आपल्याच बोलण्याने वाढतो. म्हणून हा पाठ.

*२. "मॅडमचा मुलगा" हे ओझं*

आपल्याकडे शाळा एक, रस्ता एक, दुकानंही तीच. मॅडमचा मुलगा बहुधा मॅडमच्याच शाळेत किंवा शेजारच्या शाळेत असतो. दुसऱ्या मुलाने वही आणली नाही तर ती त्या मुलाची चूक. मॅडमच्या मुलाने आणली नाही तर ती बातमी. स्टाफरूममध्ये चहा पिताना कोणीतरी म्हणतं, "मॅडम, तुमच्या चिरंजीवांना जरा सांगा हो." सगळ्यांसमोर. ताई हसून घेते आणि तो घोट घरी आणते.

मग एक वाक्य गावात फिरतं : दुसऱ्यांची पोरं घडवते, स्वतःचं घडवता येईना. हे वाक्य शिक्षिका असलेल्या आईला सगळ्यात जास्त लागतं. बाप नाही म्हणून लोक आधीच बघत असतात. त्यात मुलाचं वागणं हे तिच्या नोकरीचं आणि चारित्र्याचं सर्टिफिकेट होऊन बसतं. इथून घोळ सुरू होतो. मुलगा उशिरा आला की तिला आधी मुलगा दिसत नाही, लोक दिसतात. ती त्याला रागावते, पण मनातून ती लोकांना उत्तर देत असते. मुलाला हे बरोबर कळतं. आईला माझी काळजी नाही, स्वतःच्या नावाची आहे, असं त्याच्या मनात बसतं. ते खरं नसतं, पण तेव्हा त्याला ते खरंच वाटतं.

दुसरी गोष्ट, शिकवणं हे दमवणारं काम आहे. दिवसभर आवाज, दिवसभर चुका शोधणं, लाल पेन. पाच वाजता घरी येताना धीर संपलेला असतो आणि चुका शोधायची सवय मात्र सोबत येते. घरात शिरल्या शिरल्या तिला पसरलेले बूट दिसतात, उघडी बॅग दिसते, न लिहिलेली वही दिसते. मुलाच्या वाट्याला दिवसातली दुसरी शाळा येते.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरात मराठी, शाळेत हिंदी, शेजारी कोरकू, मोबाईलवर आणखी काहीतरी. या वयात पोरांना मित्रांची भाषा जवळची वाटते. आई मराठीत विचारते, तो हिंदीत एका शब्दात उत्तर देतो. तो तोडून बोलला असं तिला वाटतं. बऱ्याच वेळा तो फक्त त्याच्या दिवसाच्या भाषेत बोललेला असतो.

*३. सावित्रीबाई आणि यशवंत*

सावित्रीबाई फुले आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. 3 जानेवारीला शाळांमध्ये त्यांचा फोटो पूजला जातो. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या, हे आपण पोरांना पाठ करून घेतो. पण याच सावित्रीबाई वयाच्या साठीला टेकताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची एकटी आई होत्या, हे फारसं बोललं जात नाही. आज आपण त्या बाजूने त्यांच्याकडे बघू.

जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी घरातच आसरा सुरू केला होता. 1874 च्या सुमारास काशीबाई नावाची एक विधवा तिथे आली. तिचं बाळंतपण सावित्रीबाईंनी केलं. ते मूल या दोघांनी आपलं म्हणून वाढवलं. तोच यशवंत.

1887 मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र केलं. तेव्हा यशवंत तेराच्या आसपास होता. त्या मृत्युपत्रात बापाची काळजी सरळ लिहिलेली आहे. मुलाने शिकावं, नीट वागावं. तो वाया गेला, वाईट मार्गाला लागला, तर मिळकत त्याच्याकडे न ठेवता दुसऱ्या लायक मुलाला द्यावी, अशी त्यात तजवीज आहे. एवढा मोठा माणूस, आयुष्य शिक्षणात घालवलेला. त्यालाही घरातल्या पोराबद्दल तीच भीती होती जी आज आपल्या ताईला आहे. बिघडला तर?

1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. आजारपण लांबलं, घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. 1889 मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे, यशवंतचं कोवळ्या वयात लग्नही झालं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. म्हणजे एका शिक्षिकेच्या घरात एकाच वेळी काय काय होतं बघा : विधवापण, तंगी, वयात येणारा मुलगा, नवी सून, आणि पतीने मागे ठेवलेलं सत्यशोधक समाजाचं काम.

त्यात भावकी. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवं कोणी धरायचं यावर वाद निघाला. दत्तक मुलाचा हक्क मानायला भावकीतले तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालल्या. बाईने असं करणं त्या काळात ऐकिवातही नव्हतं.

त्या हातावर हात धरून बसल्या नाहीत. समाजाचं काम त्यांनी पुढे नेलं. 1893 मध्ये सासवडला सत्यशोधक परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. यशवंत शिकला, डॉक्टर झाला, लष्करी सेवेत रुजू झाला. मृत्युपत्रातली ती अट वापरायची वेळ आली नाही.

1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. लोक घरं सोडून पळत होते. सावित्रीबाईंनी मुलाला बोलावून घेतलं. यशवंत रजा घेऊन आला आणि हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्यांनी देह ठेवला. यशवंतनेही पुढे 1905 मध्ये प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना प्राण सोडला.

आता या हकिकतीतून आपल्या घरासाठी काय घ्यायचं ते पाहू.

*४. आईसाठी चार गोष्टी*

*पहिली : भीती एकदा स्पष्ट बोलावी, रोज टोचू नये.*

जोतीरावांनी आपली भीती कागदावर एकदा लिहिली. अट काय, परिणाम काय, सगळं स्वच्छ. आपण काय करतो? भीती रोज थोडी थोडी वाटतो. जेवताना एक टोमणा, झोपताना एक. "तू असाच राहिलास तर रिक्षा चालवशील." "बापावर गेलास." मुलगा यातून अट शिकत नाही, कान बंद करायला शिकतो.

त्यापेक्षा एका शांत दिवशी, पोट भरलेलं असताना, समोर बसवून सांगावं. आपल्या घरात तीन गोष्टी चालणार नाहीत. खोटं बोलून शाळा चुकवणं, गुटखा-दारू, आणि न सांगता रात्री बाहेर राहणं. असं झालं तर अमुक होईल. तीनच ठेवाव्यात. केस कसे कापले, कुठलं गाणं ऐकतो, खोली आवरली का, हे त्यात घालू नये. ज्या घरात प्रत्येक गोष्ट मोठा गुन्हा असते, तिथे खरा मोठा गुन्हाही मुलाला साधाच वाटतो.

यजमानांबद्दल एक सांगणं. ते वारले असोत की सोडून गेले असोत, मुलाचं अर्धं रक्त त्यांचं आहे. "बापावर गेलास" हे ऐकून मुलाला आपण जन्मतःच वाईट आहोत असं वाटतं. जे घडलं ते खरं खरं, थोडक्यात, त्याच्या वयाला झेपेल असं सांगावं. मारहाण किंवा व्यसनामुळे ताई वेगळी झाली असेल तर तेही लपवू नये. जीव वाचवून बाहेर पडणं यात कमीपणा काही नाही. फक्त मुलाला शिवी म्हणून बाप वापरू नये.

*दुसरी : त्याला "घरातला पुरुष" करू नये.*

अंत्ययात्रेत टिटवं आईने उचललं. वाद कशावरूनही झाला असो, त्या दिवशी जो भार होता तो मोठ्या माणसाने घेतला. आपल्याकडे उलट होतं. बाप गेल्यावर बाराव्या-तेराव्याला आलेला प्रत्येक जण पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, "आता घरातला पुरुष तूच. आईला सांभाळ." चौदा वर्षांचं पोरगं ते खरं मानतं. मग एक तर ते दबून गप्प होतं, नाही तर घरात हुकूम सोडू लागतं. आईने कोणाशी बोलावं, कुठे जावं, कोणते कपडे घालावेत, हे मुलगा ठरवू लागला की समजावं, त्याच्यावर नको ते ओझं टाकलं गेलं आहे.

घर आई चालवते. मुलगा हातभार लावतो. पाणी भरणं, किराणा, सायकल दुरुस्त करून आणणं, आठवड्यातून दोनदा पोळ्या किंवा भाजी. हे त्याचं काम. घरखर्चाचा हिशोबही त्याला दाखवावा. पगार एवढा, बँकेचा हप्ता एवढा, तुझी फी एवढी, उरले इतके. लपवून ठेवलं की मुलाला वाटतं आई देत नाही. वहीवर दिसलं की त्याला कळतं की आहेच इतकं. पण ती काळजी आईची, त्याची नाही, हेही त्याच वेळी सांगावं.

कागदोपत्रीही आईने मागे राहू नये. "वडिलांना घेऊन या" असं कोणी म्हणालं की काही ताई मुलाच्या मामाला किंवा दिराला पुढे करतात. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वडील लक्ष घालत नसतील किंवा हजर नसतील तर ते हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. वडील वारले असतील तर प्रश्नच नाही. मुलाच्या कागदावर पालक म्हणून आईने सही करताना मुलाने बघावं. त्याला कळू दे की आपल्या घराला उभं राहायला पाय आहेत.

*तिसरी : मदत घ्यायला लाजू नये.*

फुले कुटुंबाची ओढाताण झाली तेव्हा मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहिलं आणि तिकडून मदत झाली. जोतीरावांच्या आजारपणात डॉक्टर विश्राम घोले यांच्यासारखी घरची माणसं असलेली मंडळी पाठीशी होती. पहिली शिक्षिका म्हणून ज्यांना आपण पूजतो त्यांनीही घर एकट्याने ओढलं नाही.

दुसरं उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचं. ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरात लहान मुलगा. माहेरी देवरुखला आल्या. नंतर पुण्याला थोरली बहीण बाया कर्वे आणि मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराला गेल्या. तिथे मोठ्या वयात शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात उभ्या राहिल्या. 1918 मध्ये तर अमेरिकेला गेल्या. बहिणीचा आधार घेतला म्हणून त्या लहान झाल्या नाहीत.

आपल्या ताईंना मदत मागणं जड जातं. शिक्षिका असेल तर जास्तच, कारण गाव तिच्याकडे सल्ला मागायला येतं. पण दहावीचं गणित शिकवायला दुसऱ्या कोणाला बसवलं तर बरंच. आईने स्वतः गणित शिकवायला बसणं म्हणजे बऱ्याच घरात रोज सात वाजता भांडण. एकमेकींच्या मुलांना शिकवा. तुमचा मुलगा तिच्याकडे, तिचा तुमच्याकडे. दुसऱ्या मॅडमसमोर तोच मुलगा अर्धा तास जास्त बसतो, हे करून बघितल्यावर पटेल.

*चौथी : मॅडम दाराबाहेर, आई आत.*

शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास अभ्यास, मार्क, तक्रार यातलं काही विचारू नये. चपला काढतो तशी मॅडम बाहेर काढून ठेवावी. हातपाय धुवावेत, सद्गुरूंसमोर दिवा लावावा, पाच मिनिटं नाम घ्यावं. हे मुलाला दाखवायला करू नये, स्वतःचा श्वास जागेवर यावा म्हणून करावं. मग दोघांनी मिळून चहा-नाश्ता करावा.

या वयाच्या मुलाशी समोरासमोर बसून बोलणं अवघड. नजरेला नजर लागली की त्याला चौकशी वाटते. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, गाडीवर मागे बसून जाताना जास्त बोलणं होतं. आपण दोन प्रश्न कमी विचारावेत आणि स्वतःच्या दिवसातली एखादी गोष्ट सांगावी. आज शाळेत काय गंमत झाली, कशाचा राग आला. तो लगेच काही सांगणार नाही. दहा दिवसांनी सांगेल.

शरीराचंही समजून घ्यावं. या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्याला आठ ते दहा तास झोप लागते. डोक्यातला विचार करून थांबवणारा भाग पुरता पक्का व्हायला वयाची पंचविशी येते. म्हणून तो आळशी किंवा उर्मट आहे असं लगेच ठरवू नये. रात्री दहानंतर दोघांचेही मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. दोघांचेही, हे महत्त्वाचं. आईचा हातात आणि मुलाचा कपाटात, हा नियम चार दिवससुद्धा टिकत नाही.

आणि आईने स्वतःचं शिकणं, वाचणं, सेवा थांबवू नये. सावित्रीबाईंचं काम चालू होतं. आई लोकांसाठी काय करते हे यशवंतने लहानपणापासून पाहिलं. म्हणून 1897 मध्ये आईने बोलावल्यावर तो आला. त्याने तोपर्यंत जे मिळवलं होतं ते तिथे कामाला आलं. मूल घडलं की नाही याची परीक्षा तिथे होते. नववीच्या चाचणीत किती पडले, यात होत नाही.

*५. आपल्या कुटुंब-गटांसाठी*

आता आमचं सांगणं आपल्या सगळ्यांना, विशेषतः मामा, काका, आजोबा, मावश्या यांना.

एकट्या ताईच्या मुलाचा विषय गटावर काढू नये. निकालाच्या दिवशी सगळ्यांचे मार्क टाकायची पद्धत आहे, ती थांबवावी. ज्याला आनंदाने सांगायचं त्याने सांगावं, विचारू नये. "आमचा तर तिसरीपासून पहिला" हे वाक्य कोणाच्या तरी घरात रात्रभर टोचतं.

ताईला न सांगता मुलाला परस्पर झापू नये. कुठे दिसला, काय करत होता, हे सांगायचं असेल तर एकट्या ताईला, हळू आवाजात, आणि जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

एका पुरुषाने नियमाने वेळ द्यावा. मामा असेल तर मामाने, नसेल तर गुरुबंधूंपैकी ताईला ज्याच्यावर विश्वास आहे अशा जाणत्या माणसाने, ताईला विचारून, चारचौघांत दिसेल असं. दर रविवारी दोन तास. शेतात घेऊन जावं, केळीच्या बागेत पाणी सोडताना सोबत ठेवावं, मोटर दुरुस्ती दाखवावी, क्रिकेट खेळावं. उपदेश करू नये. महिन्यातून एकदा येऊन तासभर भाषण देणाऱ्या मामापेक्षा दर रविवारी येऊन गप्प बसणारा मामा मुलाला जास्त उपयोगी पडतो.

सत्संगाला मुलाला ओढून आणू नये, आणि आला तर सगळ्यांसमोर "बरं झालं, सुधारला" असं म्हणू नये. त्याला काम द्यावं. सतरंज्या घालणं, माईक लावणं, पंगतीत वाढणं. हाताला काम मिळालं की पोरगं टिकतं. भक्ती मागाहून येते. नाही आली तरी तो आपलाच आहे.

ताईंनाही कोणीतरी विचारावं की तुम्ही जेवलात का. परीक्षेच्या दिवसांत, तिच्या शाळेच्या कामाच्या गर्दीत, एका घराने दोन डबे पाठवले तर तेही सेवेतच धरलं जातं.

*६. केव्हा थांबू नये*

काही गोष्टी वयाच्या म्हणून सोडू नयेत. मुलगा पंधरा दिवसांहून जास्त काळ गप्प, उदास आहे, जेवण-झोप एकदम बदलली, मित्र तुटले, अंगावर जखमा दिसतात, नशेचा वास येतो, आईवर हात उचलतो, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलतो. यातलं काहीही दिसलं तर बाहेरचं बघणं, धागा, उतारा यात वेळ घालवू नये. नाम घ्यावं आणि डॉक्टरांकडेही जावं. दोन्ही एकत्र चालतं. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 1098 हा नंबर आहे. मुलगा मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटं सोडू नये आणि "नाटक करतो" असं म्हणू नये.

हे नंबर प्रत्येक घराने आजच फोनमध्ये जतन करून ठेवावेत.

*७. घरात बोलण्यासाठी प्रश्न*

१) आपल्या घरात मुलांना रोज टोचून सांगितली जाणारी गोष्ट कोणती? ती एकदाच स्पष्ट सांगता येईल का?

२) "आता घरातला पुरुष तूच" असं आपण कोणा मुलाला म्हटलं आहे का? आता त्याला वेगळं काय सांगता येईल?

३) आपल्या ओळखीत एकट्याने मूल वाढवणारी ताई कोण? या महिन्यात आपण तिचं कोणतं एक काम हलकं करू?

४) मुलांनी सांगावं, मोठ्यांनी फक्त ऐकावं : घरात शिरताना तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?

चौथ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तरी चालेल. उत्तर आलं तर त्यावर लगेच काही बोलू नये.

*या आठवड्याचा संकल्प*

आपण सर्वांनी मिळून एक संकल्प करू. सात दिवस कोणाच्याही मुलाबद्दल त्याच्या आईसमोर तक्रार करायची नाही. एखादी चांगली गोष्ट दिसली तर मात्र जरूर सांगायची. तुमच्या मुलाने आज म्हाताऱ्या बाबांना रस्ता ओलांडून दिला. तुमच्या मुलाने दुकानात जास्त आलेले दहा रुपये परत केले. एवढंच. मॅडम म्हणून जगणाऱ्या ताईला असं वाक्य फार क्वचित ऐकायला मिळतं.

पुढच्या पाठात घरातल्या वृद्धांचा विषय घेऊ. आपले अनुभव आपापल्या गटप्रमुखांकडे द्यावेत, नावं कळवायची गरज नाही.

सर्व ताईंना बळ मिळो, सर्व लेकरांना सुबुद्धी मिळो, आणि आपल्या हातून त्यांचं ओझं थोडं तरी हलकं होवो, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏